कमी पैशांत घरच्यांची सहल: पहिल्यांदाच आखणाऱ्यांसाठी

सहलीचा विषय निघाला की बहुतेक घरांत पहिला प्रश्न येतो, 'कुठे जायचं?' मग कोणीतरी महाबळेश्वर म्हणतं, कोणी गोवा म्हणतं, मोबाइलवर हॉटेलांचे दर बघितले जातात आणि 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून विषय मिटतो. हे टाळायचं असेल तर क्रम बदला. आधी पैसे, मग तारीख, आणि गाव सगळ्यात शेवटी. गाव निवडतानाही एकच गोष्ट पाहायची: तिथे पोचल्यावर पायी फिरता येतं की नाही. हे सांभाळलं, तर मध्यम उत्पन्नाच्या घराला वर्षातून एकदा तीन-चार दिवस बाहेर जाणं नक्की जमतं.

हा लेख एसटीने किंवा रेल्वेने जाणाऱ्या, स्वतःची गाडी नसलेल्या कुटुंबांसाठी आहे. उदाहरणं मुख्यतः महाराष्ट्रातली आहेत, कारण राज्यातल्या राज्यात एसटीच्या सवलतींमुळे हिशोब खूप हलका होतो.

पायरी १: आधी आकडा ठरवा

घरात सगळ्यांना बसवून ठरवा की सहलीवर जास्तीत जास्त किती खर्च करायचे. आकडा ठरला की तो वहीच्या पानावर वर लिहा आणि खाली पाच रकाने पाडा: प्रवास, मुक्काम, जेवण, तिथलं फिरणं आणि अडीअडचण. पाचवा रकाना कधीच गाळू नका. लहान मूल आजारी पडतं, शेवटची बस चुकते, चप्पल तुटते. एकूण खर्चाचा दहावा हिस्सा बाजूला असला की असल्या वेळी जीव टांगणीला लागत नाही.

एक नमुना देतो. समजा पुण्यातलं चार जणांचं घर आहे: नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या आजी. जायचं आहे गुहागरला, तीन रात्रींसाठी. एसटीचं एका बाजूचं पूर्ण तिकीट ४०० रुपये धरू. बाईंना अर्धं तिकीट, आजींना अर्धं, मुलीला अर्धं. म्हणजे माणसं चार, पण तिकिटं अडीच. जाताना १,०००, येताना १,०००. घरगुती खोली १,५०० रुपये रात्र धरली तर तीन रात्रींचे ४,५००. चहा-नाश्ता-जेवण मिळून ४,२००. तिथल्या रिक्षा, बस, फेरीबोट यांना १,०००. देवळातली पेटी, शहाळी, मुलीसाठी काहीबाही ५००. बेरीज १२,२००. त्यावर अडीअडचणीचे १,२०० धरले की १३,४००. हे आकडे समजुतीसाठी आहेत. तुमच्या गावावरून, तुमच्या तारखेचे खरे दर विचारून भरा.

आता याच पानाकडे नीट बघा. तिकिटांचे सगळे मिळून २,००० आहेत. खोलीचं भाडं मात्र गर्दीच्या आठवड्यात दुप्पट झालं, तर एका फटक्यात ४,५०० वाढतात. प्रवासात कितीही काटकसर केली, अगदी चालत गेलात तरी एवढे पैसे वाचणार नाहीत. म्हणून तारखेची पायरी गावाच्या आधी.

पैसे एकदम निघत नसतील तर बँकेत किंवा पोस्टात आवर्ती ठेव सुरू करा. महिना १,२०० रुपये टाकले तर वर्षाला १४,४०० होतात आणि वरचा सगळा खर्च त्यात बसतो. कर्ज काढून किंवा हप्त्यावर सहल करू नये, असं माझं ठाम मत आहे. चार दिवसांच्या फिरण्याचे हप्ते वर्षभर फेडत बसायचं, यात विश्रांती कसली?

पायरी २: तारीख

भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि पेन्सिलीने आधी नको ते दिवस खोडा. दिवाळीत पाडवा-भाऊबीजेपासून पुढचा रविवार संपेपर्यंत, २४ डिसेंबर ते २ जानेवारी, आणि शनिवार-रविवारला जोडून आलेली कुठलीही सरकारी सुट्टी. देवस्थानाच्या गावी जायचं असेल तर तिथले खास दिवसही खोडा: गणपतीपुळ्याला अंगारकी, वेरूळला महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार, पंढरपूरला एकादशी. कोकणात शिमगा, मे महिना आणि गणपती हे तीन काळ चाकरमान्यांचे. तेव्हा गाड्याही भरलेल्या आणि खोल्याही.

उरलेल्या तारखांत चांगल्या कोणत्या? जानेवारीचा पहिला आठवडा संपल्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत हवा उत्तम असते आणि सोमवार ते गुरुवार गर्दी नसते. शाळेमुळे हे जमत नसेल तर दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दिवस पकडा. भाऊबीजेचा लोंढा परतलेला असतो आणि शाळा सुरू व्हायला अजून वेळ असतो. रविवारी दुपारी पोचून बुधवारी निघणं हा माझा सगळ्यात आवडता बेत आहे. लोक परत जात असताना तुम्ही येता, खोली आरामात मिळते आणि भाड्यात घासाघीस करायलाही जागा असते.

पावसाळ्यात कोकण स्वस्त असतं आणि हिरवंगार दिसतं, पण त्या वेळी समुद्र फक्त बघायचा. जंजिरा, सिंधुदुर्ग अशा किल्ल्यांच्या बोटी बंद असतात आणि पाण्यात उतरणं धोक्याचं असतं. किल्ला आणि पोहणं याच ओढीने जायचं असेल तर जून ते ऑगस्ट सोडून द्या.

पायरी ३: गाव निवडताना एकच कसोटी

पर्यटनस्थळी गेल्यावर 'पॉइंट दाखवतो' म्हणणाऱ्या गाडीवाल्याला दिवसाला जे पैसे द्यावे लागतात, ते बहुतेक वेळा आख्ख्या कुटुंबाच्या येण्याजाण्याच्या एसटी भाड्यापेक्षा जास्त असतात. त्यांचं चुकत नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. पण आपल्याकडे तेवढे पैसे नसतील तर ज्या गावात उतरल्यावर गाडी लागतच नाही, असं गाव शोधायला हवं. स्टँडवर उतरून खोलीपर्यंत चालत जाता येतं का? खोलीतून मुख्य जागा चालत गाठता येतात का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर गाव पसंत.

गुहागर या कसोटीला पुरेपूर उतरतं. एसटी स्टँड आणि समुद्र यांच्यात चालत काही मिनिटांचंच अंतर आहे. व्याडेश्वराचं देऊळ गावाच्या मध्यभागी. एका बाजूला खालचा पाट, दुसऱ्या बाजूला वरचा पाट, आणि दोन्हीकडे नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारा रस्ता. वरच्या पाटात दुर्गादेवीचं देऊळ आहे, गावात उफराटा गणपती आहे. किनारा इतका लांब आणि मोकळा आहे की सकाळी एका दिशेने आणि संध्याकाळी दुसऱ्या दिशेने चालत गेलात तरी संपत नाही. या सगळ्याला तिकीट नाही.

मराठवाड्याकडच्या लोकांना वेरूळ. छत्रपती संभाजीनगरहून साधारण ३० किलोमीटर, एसटी सतत असते. गावात मुक्काम केलात तर ३४ लेणी, घृष्णेश्वर आणि अहिल्याबाईंच्या नावाशी जोडलेलं शिवालय तीर्थ हे सगळं पायी होतं. लोक वेरूळ दोन तासांत उरकून पुढे पळतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कैलास लेण्यात सकाळी लेणी उघडता उघडता शिरा, गर्दी यायच्या आत वरच्या सज्ज्यांतून फिरा, दुपारी खोलीवर येऊन झोपा, आणि ऊन उतरल्यावर जैन लेण्यांकडे जा. भारतीयांना प्रवेश ४० रुपये आहे आणि १५ वर्षांखालच्या मुलांना मोफत. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, हे तारीख ठरवतानाच ध्यानात घ्या. दौलताबादचा किल्ला आणि खुलताबादचा भद्रा मारुती याच रस्त्यावर आहेत, म्हणजे एसटीनेच होतात.

कोल्हापूरकडून पन्हाळा. किल्ल्यातच वस्ती असल्यामुळे तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जाकोठी हे सगळं चालत बघता येतं. कोल्हापूर अवघं २० किलोमीटरवर, त्यामुळे एक दिवस अंबाबाई आणि रंकाळ्यासाठी काढता येतो. विदर्भात चिखलदरा आहे. अमरावतीहून परतवाड्यामार्गे एसटी वर चढते, गावाजवळचे पॉइंट पायी होतात आणि गाविलगड किल्ला चालण्याची सवय असलेल्यांच्या आवाक्यात आहे.

महाबळेश्वरची ओढ असेलच तर वाईत राहा. वाईत कृष्णेचे घाट आहेत, ढोल्या गणपती आहे. जवळच मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आणि चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा आहे. तिथून एक दिवस पसरणी घाटाने एसटीत बसून पाचगणी-महाबळेश्वर बघून संध्याकाळी परत या. वरती राहण्याचे पैसे वाचतात आणि वाई हे बोनस म्हणून पदरात पडतं.

गोव्याबद्दल लोकांचा समज आहे की तिथे पैसे उधळल्याशिवाय मजा नाही. तसं काही नाही. जुन्या गोव्यातले चर्च बघायला पैसे पडत नाहीत. तिथल्याच धक्क्यावरून दिवाडी बेटाला सरकारी फेरीबोट जाते आणि पायी प्रवाशाला त्यात तिकीट नाही. गावागावांतून कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, आणि खासगी बस धावतात. फोंड्याकडच्या मोठ्या देवळांजवळ अग्रशाळा, म्हणजे देवस्थानांच्या धर्मशाळा, आहेत, तिथे साधी खोली मिळू शकते. समुद्र एका दिवसापुरता ठेवा आणि बाकीचा गोवा आतून बघा.

पायरी ४: प्रवास

एसटीच्या सवलती अनेकांना अर्ध्यामुर्ध्याच माहीत असतात, म्हणून नीट सांगतो. १७ मार्च २०२३ पासून राज्याच्या हद्दीत महिलांना एसटीत निम्मं भाडं आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं, आणि ७५ पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. वयाचा पुरावा म्हणून आजी-आजोबांचं आधार कार्ड हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. आरक्षण केलंत तर आरक्षणाचा आकार वेगळा लागतो, त्यावर सवलत नाही. गाडी राज्याबाहेर जात असेल तर हद्दीपलीकडच्या टप्प्याला महिलांची सवलत लागू होत नाही.

एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार आणि सात दिवसांचा पास पुष्कळांच्या कानावर असतो. चांगली योजना आहे, पण ती रोज लांबचा पल्ला मारणाऱ्यासाठी. एकट्या तरुणाने सात दिवसांत अर्धा महाराष्ट्र पालथा घालायचा ठरवला तर जरूर काढावा. आपण एका गावात राहणार असू, आणि घरात बायका-मुलं-म्हातारी माणसं असतील, तर सुटी तिकिटंच स्वस्त पडतात. पास घेण्याआधी दोन्ही बेरजा मांडून बघा.

रातराणीने गेलं की एका रात्रीचं भाडं वाचतं, हा हिशोब अर्धाच खरा आहे. पहाटे पाचला गाडी पोचते आणि खोली मिळते दुपारी बाराला. लहान मूल आणि आजी यांना घेऊन सात तास कुठे बसणार? शेवटी आदल्या रात्रीचं भाडं भरून खोली घ्यावी लागते. रातराणी धरायचीच असेल तर फोनवर आधी विचारून ठेवा, 'सकाळी लवकर आलो तर हातपाय धुवायला, सामान ठेवायला सोय होईल का?' घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी बहुधा हो म्हणतात.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस आधी नाही. कोकण रेल्वेला सुट्टीच्या काळात पहिल्या काही मिनिटांतच प्रतीक्षा यादी लागते, तेव्हा तारीख ठरली की ६० दिवस मागे मोजून मोबाइलमध्ये गजर लावा. दिवसाचा प्रवास असेल तर जनशताब्दीसारख्या गाडीत टू-एस हा बसायचा डबा कमी पैशांत आरक्षित जागा देतो. पाच वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा नको असेल तर तिकीट नाही. ५ ते १२ वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ घेतला की पूर्ण भाडं पडतं, न घेतल्यास अर्धं. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वेतली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, त्यामुळे आजी-आजोबांचं तिकीट पूर्णच धरा. तत्काळचा जादा आकार बजेटमध्ये बसवू नका. तत्काळ घ्यायची वेळ आली तर सरळ एसटी बघा.

चाळीस-एक माणसं जमत असतील, म्हणजे सोसायटी, भजनी मंडळ किंवा भिशीचा गट, तर आगारात जाऊन प्रासंगिक कराराची चौकशी करा. आख्खी एसटी भाड्याने मिळते आणि माणशी खर्च वाटला जातो.

पायरी ५: खोली, आणि फोनवर काय बोलायचं

कमी पैशांत राहण्याचे चार मार्ग आहेत. पहिला, गावातल्या घरांतली घरगुती सोय. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेत अशा अनेक घरांची नोंदणी असते. दुसरा, महामंडळाची स्वतःची निवासं. ती नेहमी सगळ्यात स्वस्त असतात असं नाही, पण जागा मोक्याच्या असतात. वेळणेश्वर, हरिहरेश्वर, गणपतीपुळे, तारकर्ली ही काही नावं. तिसरा, देवस्थानांचे भक्तनिवास. शेगाव, शिर्डी इथली व्यवस्था चांगली आहे. भक्तनिवासात जाताना एक भान ठेवावं: तिथली स्वस्त खोली भाविकाच्या सोयीसाठी आहे. दर्शनाला जाणार असू, तिथले नियम पाळणार असू, तरच ती घ्यावी. चौथा मार्ग तरुणांसाठी: यूथ हॉस्टेल असोसिएशनचं सदस्यत्व. त्यांच्या ट्रेकमध्ये एका ठरलेल्या शुल्कात राहणं-जेवण-वाटाड्या सगळं येतं.

कुटुंबासाठी मी घरगुती सोयच सुचवीन. ॲपवर नुसता फोटो आणि दर दिसतो. फोनवर बोललं की घर कळतं, माणसं कळतात. संवाद साधारण असा असावा:

'नमस्कार काकू, पुण्याहून बोलतोय. पुढच्या महिन्यात १२ तारखेला, रविवारी, चार माणसं येऊ. दोघं मोठे, एक लहान मुलगी आणि आमच्या आई. तीन रात्री राहू. खोली मिळेल का?'

'मिळेल की. एसी हवी का साधी?'

'साधीच. भाडं खोलीमागे की माणशी? आणि जादा गादीचे वेगळे लागतात का?'

इथे थांबून उत्तर लिहून घ्या. मग पुढचं विचारा. संडास-बाथरूम खोलीला जोडून आहे ना, आणि कमोड आहे का? म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांसाठी हे फार महत्त्वाचं. गरम पाणी किती वाजता? वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का? खोली तळमजल्यावर मिळेल का? एसटी स्टँडवरून चालत किती वेळ लागतो? जेवण घरातच आहे का, आणि थाळीचा दर काय? शेवटी अदबीने, 'तीन रात्री राहतोय, आठवड्याच्या मधले दिवस आहेत, काही कमी होईल का?' गर्दी नसेल तर बहुधा थोडं कमी होतं. नाही म्हणाल्या तर ताणू नका.

सगळं ठरलं की व्हॉट्सॲपवर एक संदेश पाठवा: तारखा, माणसं, दर, काय काय धरून. त्यावर त्यांचं 'हो' आलं की दोन्ही बाजूंना निर्धास्त.

आगाऊ पैशांबद्दल सावध राहा. भक्तनिवास आणि सरकारी निवासांच्या नावाने बनावट संकेतस्थळं आणि खोटे फोन नंबर पसरवून लोकांना लुबाडलं जातं. गुगलवर सगळ्यात वर दिसलेला नंबर खरा धरू नका. देवस्थानाच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन तिथला नंबर घ्या. घरगुती सोय असेल तर एका रात्रीपुरता आगाऊ द्या, पूर्ण रक्कम नको. आणि कोणी 'पैसे परत पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' म्हटलं तर तिथेच फोन ठेवा, कारण पैसे घेण्यासाठी स्कॅन करावं लागत नाही, की पिन टाकावा लागत नाही.

पायरी ६: जेवणाचा खर्च आटोक्यात, पण जिभेवर अन्याय नको

जाताना पहिल्या दिवसाचा डबा घरूनच: दशम्या, चटणी, कोरडी भाजी, मुलांसाठी चिवडा-लाडू. घाटात गाडी थांबते तिथल्या हॉटेलात चौघांच्या जेवणाला जे पैसे जातात, त्यात गावात मासळीचं ताट होतं. पाण्याच्या बाटल्या घरून भरून न्या आणि मुक्कामी फिल्टरचं पाणी भरून घ्या.

कोकणात घरगुती जेवण सांगावं लागतं. दुपारचं सकाळी नाश्त्याच्या वेळी आणि रात्रीचं दुपारी, असं साधारण धरा. ऐनवेळी गेलात तर मिळेलच असं नाही. माशाच्या ताटाचा दर माशावर ठरतो. सुरमई-पापलेट महाग, बांगडा त्या मानाने स्वस्त, आणि ताजा बांगडा तव्यावरून थेट ताटात आला की आणखी काही लागत नाही. 'ताटात काय काय येतं, आणि आज कोणता मासा काय दराने?' हे बसायच्या आधी विचारायला लाजू नका. शाकाहारी घरांनी एक वेळ उकडीच्या मोदकांचं ताट सांगावं, एक दिवस नाश्त्याला घावन किंवा आंबोळी. रोज दोन्ही वेळा भरगच्च ताट लागत नाही. दुपारी नीट जेवलं की रात्री मुगाची खिचडी, पापड आणि सोलकढी पुरते, आणि ती काकूंना सांगितली तर आनंदाने करून देतात.

पायरी ७: तिथे पोचल्यावर

गुहागरचंच उदाहरण पुढे नेतो. पहिल्या दिवशी दुपारनंतर पोचलात की फक्त समुद्र. दुसरा दिवस गावाचा: सकाळी किनारा, मग व्याडेश्वर आणि दुर्गादेवी, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा किनारा. तिसऱ्या दिवशी एकच लांबची फेरी करा. दोन पर्याय आहेत. एक, एसटीने धोपाव्याला जा आणि फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळला उतरा. पायी माणसाचं तिकीट अगदी किरकोळ आहे, आणि मुलांना गाड्या पोटात घेऊन निघालेली बोट बघण्यातच अर्धा दिवस पुरतो. दाभोळला गुहेतलं चंडिकादेवीचं देऊळ आणि आदिलशाही काळातली मशीद बघून परत. दोन, दक्षिणेला हेदवी-वेळणेश्वर. हेदवीला दशभुजा गणेश आणि समुद्राकाठी बामणघळ. या फेरीला रिक्षा करावी लागली तर हाच एक रिक्षाचा खर्च, आणि भाव निघायच्या आधीच थांब्यांसकट ठरवा.

बामणघळीत भरतीच्या वेळी खडकाच्या चिरेतून पाणी उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसता खडक दिसतो. म्हणून भरतीची वेळ काढायला शिका. किनाऱ्यावरची माणसं तिथीवरून काढतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते. पंचमी असेल तर पावणेचार, एकादशी असेल तर सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. कृष्णपक्षातही प्रतिपदेपासून असंच मोजायचं. सकाळ-संध्याकाळ दोन्हीकडे हीच वेळ, थोड्या फरकाने. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. घळीच्या काठावर जाऊ नका, लांबूनच बघा, आणि ओहोटी लागलेली असताना मुलांना पाण्यात सोडू नका, कारण तेव्हा पाणी आत ओढतं. स्थानिक माणूस 'इथे उतरू नका' म्हणाला तर तिथे उतरायचं नाही.

चौथ्या दिवशी निघण्याआधी परतीच्या गाडीची वेळ स्टँडवर जाऊन स्वतः विचारा. वेळापत्रकं बदलतात, आणि छोट्या गावातली दुपारची एखादी गाडी रद्द झाली की संध्याकाळपर्यंत दुसरी नसते. थेट गाडी नसेल तर शृंगारतळीवरून चिपळूण गाठा. चिपळूणहून पुढे सगळीकडे गाड्या मिळतात.

तेवढेही पैसे या वर्षी नसतील तर

मुक्कामाचा खर्चच काढून टाका आणि एका दिवसाची सहल करा. पुणेकरांनी लोणावळा लोकल पकडून मळवलीला उतरावं. स्टेशनाच्या एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले. भाज्याची लेणी स्टेशनवरून पायी होतात. लेण्याखालच्या गावात चहा घ्या, पायऱ्या चढा, आणि इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरलेल्या चैत्यात लाकडी तुळया अजून कशा टिकून आहेत, हे मुलांना दाखवा. दोन्हीकडची लेणी एका दिवसात लहान मुलांना झेपत नाहीत, एकच निवडा. मुंबईकरांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी आहे, मात्र लेणी सोमवारी बंद असतात. नाशिककरांना पांडवलेणी, नागपूरकरांना रामटेक, संभाजीनगरकरांना देवगिरी. डबा घरचा, पाणी घरचं, खर्च फक्त तिकिटांचा.

दुपारच्या वेळी मळवलीला दोन लोकलमध्ये मोठा खंड असतो. उतरल्या उतरल्या परतीच्या गाड्यांच्या वेळा फलकावरून मोबाइलमध्ये टिपून घ्या आणि मगच लेण्याची वाट धरा.